हबिला यांनी पत्रकारिता सोडलेली नाही

रविवारच्या पुरवणीतील नायजेरियाचे कादंबरीकार हेलॉन हबिला यांच्यावरील लेख वाचला. लेख आवडला, पण हबिला पत्रकारिता मागे टाकून साहित्याकडे वळले, हा त्यातील सूर पटला नाही.

ज्या कथेसाठी त्यांना २००१चा केन पुरस्कार (आफ्रिकी लेखकांच्या इंग्रजी कथेला दिला जाणारा) मिळाला, तिचा नायकच सानी अबाचा यांच्या लष्करी राजवटीत तुरुंगात डांबलेला पत्रकार आहे. तो चोरून लिहीत असलेले कागद तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती लागतात आणि हा साहेब स्वतःच्या प्रेयसीसाठी त्याच्याकडूनच प्रेमकविता लिहून घेऊ लागतो. त्या कवितांच्या ओळींत कैदी सुटकेची हाक पेरून ठेवतो. मला वाटते, लागोसमध्ये वृत्तपत्रात काम केलेल्या माणसालाच हे सुचू शकते. ‘ऑइल ऑन वॉटर’ (२०१०) या कादंबरीतही अपहृत ब्रिटिश महिलेच्या शोधात नायजर नदीच्या तेलाने माखलेल्या त्रिभुज प्रदेशात शिरतात ते दोन पत्रकारच.

पुढे तर हबिला थेट वार्तांकनाकडेच परतले. एप्रिल २०१४मध्ये बोको हराम या दहशतवादी संघटनेने ईशान्य नायजेरियातील चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवून नेल्या. हबिला तेव्हा अमेरिकेत प्राध्यापक होते. तरीही ते स्वतः त्या गावी गेले, लोकांशी बोलले आणि २०१६मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. एवढ्या सविस्तर लेखात त्या पुस्तकाचा साधा उल्लेखही नसावा, याची खंत वाटते.

– एक वाचक, सातारा