सदाशिवगडच्या घराचा पत्रा

बेळगाव

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

फोटोत नव्या घराच्या पत्र्यावर दगड आणि वाळूच्या गोण्या दिसल्या, म्हणून लगेच लिहितोय. आपल्याकडे शेतातल्या शेडवर हे खपतं, कारवारच्या किनाऱ्यावर नाही. वादळात वारा पत्रा वर खेचतो, आणि खिडकी फुटली की आत शिरून खालून रेटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. पत्रा उचलला की दगड कुणाच्या तरी डोक्यात.

पहिली सुटते ती वळचण. तिथे, आढ्याला आणि दोन्ही कडांना पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर जे-बोल्ट (आकड्यासारखे वाकवलेले बोल्ट) घाल; मधे एकाआड एक चालेल. खोलगटात भोक पाडलं की गळणारच. एखादा वॉशर काढून बघ. रबर चिरलेलं असेल तर भोकाभोवती गंजाचं कडं दिसेल. पत्रा तिथेच फाटतो, बोल्ट मात्र जागेवर राहतो. आणि पत्रा पक्का करून वासे मोकळे ठेवलेस, तर अख्खं छप्परच जाईल की मर्दा! वासे लोखंडी पट्टीने भिंतीवरच्या तुळईला आणि तुळई बोल्टने भिंतीला जखडून घे. मिस्त्री ‘एवढं कशाला’ म्हणेलच, ऐकू नकोस. स्वयंपाकघरावरची कौलं तारेने रिपांना बांध.

हे काम मार्च-एप्रिलमध्येच उरक. अरबी समुद्रातली वादळं बहुधा मे-जूनमध्ये आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात. वादळ गुजरातकडे चाललंय म्हणून निवांत बसू नकोस. मे 2021 मध्ये तौक्ते सौराष्ट्रात धडकलं, पण त्याआधी बाजूने जाताना कर्नाटकचा किनारा झोडपून गेलं.

इशारा आला की नारळावरच्या सुक्या झावळ्या नि नारळ उतरव, मेन स्विच नि गॅस बंद कर. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर पाणी धर, निदान तीन दिवसांचं. नंतर विहिरीच्या निवळलेल्या पाण्यात हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकून तासभर थांब. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर खारेपणा त्याने जात नाही, टँकरच बघावा लागेल.

मधेच वारा पडला तर बाहेर डोकावू नकोस. वादळाचा डोळा डोक्यावर असेल, थोड्या वेळाने उलट्या दिशेने झोडपेल.

इकडे यायचं तर ऑरेंज अलर्टलाच निघ. रेड लागल्यावर अणशी घाटात दरड नाहीतर झाड आडवं पडून अडकण्यापेक्षा तिथल्याच पक्क्या निवारा केंद्रात जा.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत