स्वस्त चार्जरमधून काय वगळलेले असते?

महोदय,

लॅमिंग्टन रोडवर किंवा मनीष मार्केटमध्ये मोबाइलचा चार्जर दीडशे रुपयांना मिळतो आणि हुबेहूब तसाच दिसणारा कंपनीच्या दुकानात सहाशे-सातशेला. वरचे पैसे नुसते नावाचे, असे ग्राहक धरून चालतो. नावाचे पैसे असतातच. पण त्यात तपासणीचा आणि त्या तपासणीला टिकणाऱ्या सुट्या भागांचा हिशेबही असतो आणि तो ग्राहकाला कोणी सांगत नाही.

चार्जर उघडला की एका बाजूला 230 व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला 5 व्होल्ट. या दोहोंच्या मध्ये बोर्डावर 5-6 मिलिमीटरची मोकळी पट्टी हवी. हलक्या मालात ती एक-दोन मिलिमीटरच उरते, वर डाखकामात लावलेले फ्लक्स हे रसायनही तसेच चिकटलेले. मुंबईच्या पावसाळ्यात तिथे ओलसर धूळ बसली की करंट त्या वाटेने सरकू लागतो. दोन्ही बाजूंना जोडणारा वाय-वन या सुरक्षा दर्जाचा कपॅसिटर म्हणजे वाटाण्याएवढी निळी चकती. तिच्या जागी साधी सिरॅमिक चकती बसवली तर नजरेला फरक कळत नाही, पण ती शॉर्ट झाली की घरचा करंट थेट फोनच्या धातूच्या कडेपर्यंत पोहोचतो. वाचतात ते नगामागे मोजके रुपये.

हे पकडणारी चाचणी म्हणजे हायपॉट. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडायच्या, आउटपुटच्या तारा एकत्र जोडायच्या आणि दोहोंमध्ये काही सेकंद 3000 व्होल्ट एसी द्यायचे. गळती मर्यादेबाहेर गेली की यंत्र ओरडते. ही चाचणी एकूण एक नगावर व्हायला हवी. तिला लागतात एक यंत्र, एक कामगार आणि थोडे सेकंद. ती गाळण्याला खर्चाचे कारण पटत नाही.

खरा खर्च बर्न-इनचा, म्हणजे माल बाहेर पाठवण्याआधी तो काही तास चालवून पाहण्याचा. तासाला 500 नग काढणाऱ्या लाइनवर प्रत्येक चार्जर चार तास पूर्ण लोडवर चालवायचा तर एका वेळी 2000 नगांची मांडणी लागते. चार्जर 10 वॉटचा असेल तर सलग 20 किलोवॉटचा भार, शिवाय जागा आणि गरम हवा बाहेर काढण्याची सोय. म्हणून दर पाडायचा झाला की पहिली काट इथेच बसते. मग कच्चा डाख आणि कमकुवत कपॅसिटर कारखान्यात उघडे पडण्याऐवजी ग्राहकाच्या घरी पडतात.

तपासणीमुळे किंमत फक्त वाढते, हेही अर्धेच खरे. समजा, 1000 नगांवर प्रत्येकी 100 रुपये खर्च झाले. 950 पास झाले तर चांगला नग सुमारे 105 रुपयांना पडतो. 800च पास झाले तर 125 रुपयांना. डाखातली चूक कॅमेऱ्याने बोर्डावरच दिसली तर मिनिटभरात दुरुस्त होते. चार्जरचे कवच चिकटवल्यावर कळली तर अख्खा नग भंगारात. सुरुवातीलाच कडक तपासणी ठेवणारा कारखाना म्हणूनच त्याच दर्जाचा माल स्वस्तात देऊ शकतो.

नमुना तपासणीबद्दलही गैरसमज आहे. 1000 नगांच्या लॉटमधून 80 उचलायचे आणि स्वीकार्य दोषपातळी एक टक्का धरून त्यांत दोनपर्यंत दोष सापडले तरी लॉट स्वीकारायचा, ही पद्धत ओरखडे आणि छपाईसाठी ठीक. विजेच्या सुरक्षिततेला ती लावू नये.

चार्जरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, पण ती प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यांच्या आधारावर मिळते. आज लाइनवरून उतरलेला प्रत्येक नग तपासला गेला, याची ती खूण नव्हे. म्हणून 'प्रत्येक नगाची हायपॉट चाचणी झाली' एवढी ओळ आणि लॉट क्रमांक खोक्यावर छापणे ब्युरोने बंधनकारक करावे, अशी मागणी आहे.

तोवर ग्राहकाने लेबलवरचा 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक दुकानातच बीआयएस केअर ॲपमध्ये टाकावा. येणारे ब्रँडचे नाव आणि हातातल्या चार्जरवरचे नाव जुळले नाही, किंवा दुकानदार बिल द्यायला तयार नसेल, तर चार्जर काउंटरवरच ठेवावा.

— सर्किट बोर्ड चाचणी क्षेत्रातील एक वाचक, गोरेगाव, मुंबई