कॅसेट लावण्याआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, माळ्यावरच्या कॅसेटी उतरवल्यात हे बरं केलंत. मी आले की त्यांतलं चित्रण लॅपटॉपवर घेऊ. पण तोपर्यंत एकही व्हीसीआरमध्ये घालू नका. नाशिकच्या पावसाळी दमट हवेत टेपला बुरशी धरते. प्रत्येक कॅसेट उजेडात तिरकी धरून खिडकीतून गुंडाळीची कड बघा. कड काळी, गुळगुळीत असेल तर ठीक. पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट पिशवीत बांधून वेगळी ठेवा. अशी कॅसेट एकदा चालली की बुरशी हेडला, म्हणजे व्हीसीआरमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना चिकटते. 2016 नंतर नवे व्हीसीआर बनणंच थांबलं, म्हणून आपलं मशीन जपायला हवं.

चांगल्या कॅसेटींची लेबलाच्या कडेची छोटी टॅब मोडून टाका, म्हणजे चुकूनही वर दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही. मी आल्यावर आधी टेप शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळू, चिकटलेले थर सुटतात. मग व्हीसीआरची पिवळी, पांढरी, लाल पिन कॅप्चर कार्डाला (ते टेपवरच्या चित्राची फाइल बनवायला लागतं) आणि तिथून लॅपटॉपला. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. चित्राच्या अगदी खाली थरथरती रेघ दिसेल, तो बिघाड नाही. सगळा पडदा मुंग्यांनी भरला तर मात्र हेड मळलंय. तेव्हा कापसाची काडी लावू नका, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात.

आई, खरं काम तुझं आहे. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारणारी (उडी घेणारी) कॅसेटमधली ती सगळी माणसं डोक्यापासून पायापर्यंत रंगलेली आहेत. चेहरा एकाचाही ओळखू येत नाही. चालण्यावरून, हसण्यावरून कोण कोण ते तूच सांगू शकतेस, आणि ते टेपवर कुठेच नाही. म्हणून कॅसेट चालू असताना तू बोलायचंस. तुझा आवाज टिपायला फोन तुझ्यापासून हातभर अंतरावर ठेवू. पंखा बंद, टीव्हीचा आवाज बारीक. सुरुवातीला कॅसेटचा नंबर म्हण, म्हणजे नंतर चित्राशी आवाज जुळवता येईल. नाव आठवलं नाही तरी थांबू नकोस, "भद्रकालीतल्या मावशींची सून" एवढं पुरे.

तयार फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवू, एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. कॅसेटी तरीही टाकायच्या नाहीत. त्या पुस्तकांसारख्या उभ्या, खालच्या कपाटात ठेवा. माळ्यावर पत्रा तापतो.

तुमची,
ताई