चित्ररथावर जागा आहे, तर मंडळातही असावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी बेळगावात गल्लोगल्ली मंडळांच्या बैठका सुरू होतील. त्याआधी तृतीयपंथी व्यक्तींना मंडळात जागा देण्याचा विषय कार्यकर्त्यांपुढे यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी शहापूरमधील एका मंडळाचा जुना कार्यकर्ता आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सजीव देखाव्यात हिरकणीची भूमिका गल्लीतल्याच एका मुलाने केली होती. नऊवारी नेसून तो पहाटेपर्यंत चित्ररथावर उभा होता आणि बायाबापड्या त्याची दृष्ट काढत होत्या. पुढे त्याने आपण मुलगी असल्याचे घरी सांगितले आणि गणेशोत्सवाच्या बैठकीला ती सलवार-कमीज घालून आली, तेव्हा मात्र ‘असले प्रकार इथे चालणार नाहीत’ असे सुनावून तिला उठवण्यात आले. त्या वेळी गप्प बसलेल्यांत मीही होतो आणि ते मला आजही सलते. ती पुन्हा मंडळात आली नाही.

ब्राझीलमधील रिओ शहरात इपानेमा या वस्तीचे ‘बांदा दे इपानेमा’ नावाचे कार्निव्हल पथक आहे. लष्करी राजवट आल्यानंतर लगेचच, म्हणजे 1965 मध्ये, या पथकाची पहिली मिरवणूक निघाली. त्याचे स्वरूप आपल्या गल्लीच्या मंडळासारखेच आहे. दोरी लावून कोणाला बाहेर ठेवले जात नाही, ठरावीक पोशाख विकत घ्यावा लागत नाही, ज्याला वाटेल त्याने वाजंत्र्यांच्या मागे चालू लागावे. त्यामुळेच समलिंगी आणि पारलिंगी माणसे, स्त्रीवेशात नटलेले पुरुष, शेजारपाजारचे म्हातारे आणि लेकुरवाळ्या बायका वर्षानुवर्षे तेथे एकत्र नाचत आल्या आहेत. पिशिंगिन्या या थोर संगीतकाराचे 1973 मध्ये तेथील चर्चमध्ये निधन झाले, तेव्हा बाहेर याच पथकाची मिरवणूक चालू होती. तेव्हापासून पथक त्या चर्चसमोर थांबते आणि त्यांचीच एक चाल वाजवून पुढे जाते. एवढ्या मौजमजेतही आपल्या माणसाची आठवण जपणारे हे लोक मला फार जवळचे वाटतात.

हे सारे परदेशी आहे, असे कोणी म्हणेल. चोर्ला घाट उतरून गोव्याचा कार्निव्हल हौसेने पाहून येणाऱ्या आपल्या लोकांना तसे म्हणणे शोभत नाही. शिवाय सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेच्या यात्रेत डोक्यावर यल्लम्मा देवीचा जग (देवीचा मुखवटा बसवलेली परडी) घेऊन, चौंडक्याच्या तालावर ‘उदं गं आई’ म्हणत जाणारे जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेले स्त्रीवेशातले भक्त, आपणच पाहत आलो आहोत. त्यांच्या पाया पडायचे आणि तेच खडेबाजारात दिसले की तोंड फिरवायचे, हा आपला रिवाज. याच परंपरेतील मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला दिला आणि 2021 मध्ये कर्नाटक सरकारने नोकरभरतीत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का आरक्षण ठेवले. सरकारी कचेरीत ज्यांना जागा आहे, त्यांना गल्लीच्या मंडळात का नसावी?

माझे मागणे मोठे नाही. मंडळांनी अशा व्यक्तींना सभासद करून घ्यावे, त्यांची वर्गणी घ्यावी, ढोल-ताशा आणि लेझीम पथकांत त्यांना त्यांच्या पसंतीच्या पोशाखात उभे राहू द्यावे आणि कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली द्यावी. मिरवणुकीत त्यांच्या अंगचटीला जाणाऱ्यांना किंवा टिंगलीसाठी मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांना आवरण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवावे आणि ध्वनिक्षेपकावरून तशी सूचना द्यावी. बंदोबस्ताच्या बैठकीत पोलिसांपुढेही हा विषय मांडता येईल.

आमच्या मंडळाच्या पहिल्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. त्याआधी तिच्या घरी जाऊन माफी मागेन आणि ती येणार असेल तर तिला बरोबर घेऊनच बैठकीला जाईन.

आपला,
एक मंडळ कार्यकर्ता,
शहापूर, बेळगाव