टोळ्या, टीबी आणि बाबांचा प्रश्न

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर टीबी गावात येतो का, हा तुमचा प्रश्न फोनवर अर्धवटच राहिला. त्याचं फार चांगलं उत्तर कॅनडात मिळतं, म्हणून सविस्तर लिहिते.

टीबीच्या जंतूच्या डीएनएत सुमारे ४४ लाख अक्षरं असतात. दोन वर्षांत त्यातलं जेमतेम एखादं बदलतं. हे जंतू आपसात डीएनएची देवाणघेवाण जवळपास करतच नाहीत, त्यामुळे एखादा तुकडा एकदा गळाला की पुढच्या साऱ्या वंशात तो नसतोच. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या एका वाणातून असा तुकडा गळालेला आहे, आणि तीच खूण दूर पश्चिमेकडच्या आदिवासींच्या जंतूंतही सापडली. हा वाण तिथे नेला फरच्या व्यापाराने. माँट्रियलहून निघालेले फ्रेंच नावाडी भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून आत आत जात, कित्येक जण तिथेच लग्न करून राहत. २०११च्या एका अभ्यासानुसार हा प्रसार साधारण १७१० ते १८७० या काळात झाला.

पण एवढ्या काळात मोठी साथ आली नाही. लागण झालेल्यांपैकी जन्मभरात ५ ते १० टक्के लोकच आजारी पडतात. उरलेल्यांत जंतू दबून राहतो आणि काहींत कित्येक वर्षांनी उठतो, म्हणून तो विखुरलेल्या लहान वस्त्यांतही टिकला. साथ उसळली ती १९व्या शतकाच्या अखेरीस. रानगवे संपले, उपासमार झाली, लोकांना राखीव वस्त्यांत कोंबलं आणि मुलांना निवासी शाळांत. १९०७ साली तिथल्या सरकारचेच डॉक्टर पीटर ब्राइस यांनी या शाळांच्या दाटीवर आणि कोंदट हवेवर बोट ठेवलं. ज्या शाळांनी नोंदी दिल्या, तिथली जवळपास चौथा हिस्सा मुलं दगावली होती. सरकारने त्यांच्या बहुतेक शिफारशी बाजूला ठेवल्या, याचा मला आजही संताप येतो.

तेव्हा जंतू माणसाबरोबर चालतो हे खरं, पण साथ होते ती भूक आणि दाटीमुळे. आपल्या जिल्ह्यात टीबी पूर्वीपासून आहेच, टोळ्या येवोत न येवोत.

टोळीची खरी अडचण वेगळी आहे. उपचार किमान सहा महिन्यांचे: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज. ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच, त्यामुळे गोळ्या गावी सुरू होतात आणि निम्म्यात कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, यावं लागतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस गोळ्या सोडतो. मागे राहतात ते संथ वाढणारे जंतू. आजार उलटतो आणि औषधांना दाद न देणारा होऊ शकतो.

बाबा, मुकादमाला सांगा: निक्षय क्रमांक, म्हणजे टीबीच्या रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, जवळ असला की देशातल्या कुठल्याही सरकारी केंद्रात त्याच गोळ्या पुढे चालू होतात, फुकट. आई, कोपीवरच्या बायकांशी तू बोल. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं असेल, तर आरोग्य केंद्रात बेडका तपासायला द्यायचा. थुंकी नव्हे, सकाळी खोल खोकून काढलेला बेडका. लाळ दिली तर निदान हुकतं. कुणाला टीबी निघालाच तर त्याच कोपीतल्या मुलांचीही तपासणी आणि प्रतिबंधक गोळ्या मागून घ्यायच्या. कोपीला समोरासमोर दोन झरोके ठेवायला सांगा; लागतील ते बांबू आपल्या बांधावरचे द्या.

तुमची,
लेक