बुंदीच्या पॉलिसीबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बुंदीच्या, म्हणजे कुत्रीच्या, विम्याची तू पाठवलेली तिन्ही पत्रकं पेन्सिल घेऊन वाचली. आई म्हणाली, यांचं ऑफिस अजून सुटलेलं नाही.

पहिल्या पानावरचे मोठे आकडे सोड, आधी ‘काय मिळणार नाही’ ते पान काढ. लॅब्राडोरला खुब्याचं दुखणं बरेचदा होतं, आणि तेच बहुधा आनुवंशिक म्हणून वगळलेलं असतं. मागच्या पावसाळ्यात बुंदीला गोचीडताप झाला, प्लेटलेट्स उतरल्या, ते फॉर्मात स्वच्छ लिही. लपवलेलं नेमकं क्लेमच्या वेळी बाहेर येतं. लसीचं कार्ड पूर्ण हवं. लस चुकली आणि पार्व्हो, म्हणजे तो कुत्र्यांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार, झाला तर दमडी मिळत नाही. बिलही बहुतेक ठिकाणी आधी आपणच भरायचं, मग मागायचं. म्हणजे हाताशी रोकड हवीच. नोकरी सोडलीस, रोकड आहे ना? असो, तो विषय नको.

ओळख नंबराची चिप मात्र बसवून घे. मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी असते, पण कुत्रं तेच हे सिद्ध होतं. आमच्या जनावरांच्या विम्यात कानातला बिल्ला असायचा. बिल्ला नाही तर क्लेम नाही. एकदा एक म्हातारबा म्हशीचा कान बिल्ल्यासकट खताच्या पिशवीत गुंडाळून थेट माझ्या टेबलावर ठेवून उभा राहिला. पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा दाखला, सगळं चोख होतं. नंबरही जुळला. सही करताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो पैशांचं काहीच विचारत नव्हता, म्हैस किती दूध द्यायची तेच सांगत होता.

कुठे वाहवलो. तिन्हींत मधली घे. हप्ता थोडा जास्त आहे, पण ऑपरेशनची मर्यादा बरी आहे आणि बुंदी सोसायटीत कुणाला चावली तर त्याची भरपाईही आहे. कुत्र्याचं वय वाढलं की कंपन्या त्याचा नवा विमा घेत नाहीत, म्हणून याच महिन्यात उरक.

आता तुझं. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपला, हे तुला माहीत आहे. कुत्रीला कवच आणि तू उघडी! त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागितलीस तर जुन्या आजारांसाठी थांबण्याचा जो प्रतीक्षाकाळ असतो, त्यातला झालेला धरतात. नव्याने घेतलीस तर थायरॉइडसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागेल. शिवाय आपल्या घरात साखर आहे. माझी, आजीची.

पुन्हा भाषण झालं, रागावू नकोस. त्या रात्री बुंदीचं एवढं धूड उचलून चार जिने उतरलीस, एकटीने दवाखाना गाठलास, हे मी सगळ्या कट्ट्यावर सांगितलं. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. तुला कोण उतरवणार?

बदलून घेण्याची मुदत थोडी असते. एचआरला आजच मेल कर आणि त्याची प्रत मला पाठव. हप्ता मी भरतो, वाद नको. बुंदीचा तू भर.

तुझे,
बाबा