मोठ्या कलेक्शनसाठी विकलेलं टेबल, कलेक्शन मोठं म्हणून नाकारलेली वॉरंटी

रत्नागिरी
दिनांक : १० सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, नोंदणीकृत कार्यालय

विषय : सहा खणांच्या मेकअप स्टोरेज ड्रेसिंग टेबलातील दोष, दिशाभूल करणारी जाहिरात आणि नाकारलेली वॉरंटी, पूर्ण परतावा मिळण्याबाबत.

संदर्भ : माझा २१ जुलैचा ई-मेल, तंत्रज्ञाचं ६ ऑगस्टचं जॉब शीट, आपलं २९ ऑगस्टचं उत्तर.

महोदय / महोदया,

आपल्या २९ ऑगस्टच्या उत्तरात एकच वाक्य आहे : "पाठवलेल्या फोटोंवरून उत्पादनाचा व्यावसायिक वापर होत असल्याचे आढळल्याने वॉरंटी लागू होत नाही." याचा अर्थ विचारायला मी फोन केला, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने खुलासा केला, "मॅडम, एवढ्या लिपस्टिक घरात कोण ठेवतं?"

मी ठेवते. त्या ठेवायला जागा हवी म्हणूनच ३१,४९० रुपये मोजून तुमचं टेबल घेतलं. तुमच्या वेबसाइटवर या टेबलाच्या फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे, "२००हून अधिक वस्तूंचं कलेक्शन? आता पसारा नाही!" त्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. मोठं कलेक्शन असणाऱ्यांना हाक मारून बोलवायचं, आणि टेबल बिघडलं की कलेक्शन मोठं आहे म्हणून दार लावून घ्यायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

वापर कसला आहे हे आधीच सांगून टाकते. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मेकअपची हौस कॉलेजपासूनची. त्यात आमच्या हौशी नाट्यसंस्थेची रंगभूषा माझ्याकडे असते, त्यामुळे लिपस्टिक आणि आयशॅडोच्या जोडीला पॅनकेक, ग्रीसपेंटच्या कांड्या, स्पिरिट गम (दाढीमिशा चिकटवायचा डिंक), दाढीमिशांचा क्रेप म्हणजे खोटे केस असं सगळं घरात आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाला चेहरे रंगवायचे कोणी पैसे देत नाही, आणि दिले तर संस्थेच्या सेटच्या खर्चातच जातील. घरात पार्लर नाही, पाटी नाही, दरपत्रक नाही. तुमच्या तंत्रज्ञाने खोली पाहिलेली आहे, त्याला विचारा.

आता टेबलाकडे वळते. चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही तुमच्याकडून आलेल्या आहेत.

पहिली, खणांची उंची. वेबसाइटवर वरच्या तीन खणांची उंची १२ सेंटीमीटर दिली आहे. ती दर्शनी फळीची उंची आहे. आत पट्टी धरली तर तळापासून वरच्या आडव्या पट्टीपर्यंत मोकळी जागा भरते ६.८ सेंटीमीटर. टोपण लावलेली साधी लिपस्टिक सात ते आठ सेंटीमीटरची असते. नेलपॉलिशच्या बहुतेक बाटल्याही तेवढ्याच. तुमच्या फोटोत लिपस्टिक रांगेत उभ्या दिसतात खऱ्या, पण त्या फोटोत खण उघडा आहे. उघड्या खणात नारळही उभा राहतो. लिपस्टिक आडव्या ठेवून एक वेळ भागतं, बुडावरचं शेडचं लेबल दिसत नाही एवढंच. नेलपॉलिशचं तसं नाही. बाटली आडवी राहिली की रंग मानेत येऊन सुकतो आणि टोपण चिकटून बसतं. फाउंडेशनच्या पंपाच्या बाटल्यांचा तर प्रश्नच मिटला. त्या फक्त तळाच्या खोल खणात मावतात, म्हणजे रोज लागणारी वस्तू काढायला रोज जमिनीवर बसा. आमच्याकडे पणजीची सागवानी फणेरपेटी आहे. तिच्यात कुंकवाला, मेणाला, फणीला ज्याच्या त्याच्या मापाचा कप्पा आहे आणि झाकणात आरसा. ती करणाऱ्या सुताराने आधी वस्तू मोजल्या आणि मग कप्पे पाडले. तुमच्या डिझायनरने एक लिपस्टिक हातात घेऊन पाहिली असती तरी पुरलं असतं.

दुसरी गोष्ट लाकडाची, आणि मुख्य तक्रार हीच आहे. जाहिरातीत शब्द आहेत "वॉटरप्रूफ इंजिनिअर्ड वुड". टेबल एप्रिलमध्ये आलं, जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि जुलैच्या मध्यावर खालचे दोन खण अडकायला लागले. ओढून काढावे तर दर्शनी फळी हातात यायची. आमच्या नेहमीच्या सुतारकाकांनी मागचा हार्डबोर्ड सोडवून आत पाहिलं आणि बोटाने खरवडून दाखवलं : भुसा. पार्टिकल बोर्ड आहे, तोही दर्शनी कडांनाच पट्टी मारलेला. खालची कड, मागची कड आणि खणाच्या आतल्या कडा उघड्या सोडल्या आहेत. अशा कडेतून बोर्ड दमट हवा शोषून घेतो आणि फुगतो. १८ मिलिमीटरची फळी खालच्या बाजूला २३ मिलिमीटर झाली आहे. पट्टी धरून काढलेला फोटो सोबत आहे. कडापट्टीचा खर्च वाचवला कुठे, तर जिथे गिऱ्हाईक वाकून बघणार नाही तिथे. खणांच्या तळाला खालून हिरवट बुरशी आली, ती वेगळीच.

टेबल भिंतीपासून लांब आहे, खिडकीपासून त्याहून लांब. छत गळत नाही, फरशीवर पाणी येत नाही. त्याच खोलीत बाजूला मरीन प्लायचं कपाट बारा वर्षं उभं आहे आणि त्याचं दार अजून बोटाने लागतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ही काही गुप्त बातमी नाही. आमचा पिन कोड टाकल्यावर तुमच्या वेबसाइटने "या ठिकाणी डिलिव्हरी उपलब्ध" असं हिरव्या अक्षरांत सांगितलं होतं. कोकणात माल विकायचा असेल तर तो कोकणच्या हवेत टिकला पाहिजे, नाहीतर "वॉटरप्रूफ" हा शब्द काढून टाका.

याच खालच्या खणांपैकी एकाचा तळ १९ जुलैला सुटला. तळ म्हणजे ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड, खाचेत बसवलेला नाही, नुसता खालून स्टेपलच्या पिना मारलेला. फळी फुगली, पिना निघाल्या, आणि खण ओढताक्षणी तळ सामानासकट खाली आला. दाबून बसवलेल्या पावडरच्या पॅलेट अशा आपटल्या की संपल्या. सहा पॅलेटचा चुरा झाला. तांबूस शिमर फरशीच्या सांध्यांत जाऊन बसला तो अजून निघालेला नाही; दुपारी ऊन आलं की फरशी चमकते. वेबसाइटवर एका खणाची क्षमता ८ किलो लिहिली आहे. पडलेलं सगळं सामान, फुटक्या पॅलेटसकट, मी वजनकाट्यावर ठेवलं. ४ किलो ३०० ग्रॅम भरलं. म्हणजे "ओव्हरलोडिंग" हा जॉब शीटवरचा शेरासुद्धा टिकत नाही.

तिसरी गोष्ट उष्णतेची. आरशाभोवतीच्या दिव्यांबद्दल माझी तक्रार नाही. उजेड सरळ आणि स्वच्छ आहे, चेहऱ्यावर सावली पडत नाही, आरसाही चांगला आहे. पण त्या दिव्यांचा ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारा डबा, तुम्ही बसवला आहे पहिल्या खणाच्या डोक्यावर, मागे, वाऱ्याला वाटच नाही अशा जागी. आणि पहिला खण माहितीपत्रकाप्रमाणे लिपस्टिकचा. तासभर दिवे चालू ठेवून खणात डिजिटल थर्मामीटर ठेवला. खोलीत ३० अंश, खणात ४१. लिपस्टिक वितळल्या नाहीत, पण त्यांना घाम फुटला : टोपण काढलं की कांडीवर तेलाचे बारीक थेंब. मेणात धरून ठेवलेलं तेल उष्णतेने बाहेर येतं, तेच हे. एकदा पुसून चालतं, पण हे पुन्हा पुन्हा होत राहिलं की कांडीचा पोत बिघडतो, खवट वास यायला लागतो. प्रसाधनांच्या वेष्टनावर "थंड व कोरड्या जागी ठेवा" असं लिहिलेलं असतं. प्रसाधनं ठेवण्यासाठीच बनवलेल्या टेबलात थंड आणि कोरडी अशी एकही जागा नसावी?

चौथी गोष्ट छोटी आहे, पण तिच्यात तुमचं माहितीपत्रक थेट अडकतं. ॲक्रिलिकचे कप्पे "अल्कोहोल वाइप्सने पुसून निर्जंतुक करावेत" असं पान ६ वर छापलं आहे. मी तसेच पुसले. सगळ्या कप्प्यांच्या कोपऱ्यांत बारीक चिरा पडल्या आणि दोन कप्पे तर हातातच तुटले. ॲक्रिलिकला अल्कोहोल चालत नाही, ताण असलेल्या जागी चिरा पडतात. सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरतं. ही माहिती ॲक्रिलिक विकणाऱ्याकडून गिऱ्हाइकाला मिळायला हवी. इथे उलट शिकवण मिळाली.

६ ऑगस्टला आलेल्या तंत्रज्ञाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मुलगा सभ्य होता, भर पावसात आला होता, चहा घेऊन गेला. सगळं बघून म्हणाला, "ताई, किनारपट्टीवरून सगळे हेच सांगतात." मग जॉब शीटवर लिहिलं, "ओलाव्यामुळे नुकसान, ग्राहकाकडून." मी विचारलं, सगळे हेच सांगतात तर हे ग्राहकाकडून कसं? तो म्हणाला, "ॲपमध्ये दुसरा पर्यायच नाहीये." हे वाक्य तुमच्या वरिष्ठांपर्यंत जावं म्हणून इथे लिहिते आहे. त्याच्यावर कारवाई करण्यासाठी नव्हे. ॲप त्याने बनवलेलं नाही.

आता थोडं कायद्याचं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण व्हायला हवं. २१ जुलैच्या माझ्या ई-मेलला यंत्राचं उत्तर लगेच आलं, माणसाचं उत्तर २९ ऑगस्टला, आणि तेही निवारण नव्हे, नकार. व्यावसायिक वापराचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली ग्राहकाची व्याख्या वाचून घ्या. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरणाराही तिथे ग्राहकच धरला आहे. म्हणजे मी उद्या नवऱ्यामुली सजवून पोट भरू लागले, तरी ही सबब तुमच्या कामाची नाही. आज तर मी तेही करत नाही.

माझी मागणी अशी. टेबलाची पूर्ण किंमत ३१,४९० रुपये परत करावी आणि टेबल तुमच्या खर्चाने घेऊन जावं. फुटलेल्या सहा पॅलेट आणि खराब झालेल्या लिपस्टिकचे ८,२६० रुपये भरून द्यावेत. ज्यांची बिलं सापडली तेवढ्याच वस्तू यात धरल्या आहेत. उघडल्यावर वापरायची मुदत उलटून गेलेलं काहीही धरलेलं नाही. प्रत्येक वस्तूच्या तळाला उघडल्याची तारीख लिहायची मला सवय आहे, फोटोत ती दिसेल. दुरुस्ती किंवा बदली टेबल नको. त्याच बोर्डाचं दुसरं टेबल पुढच्या जुलैत हेच करणार. शिवाय वेबसाइटवर खणांची आतली मापं आणि बोर्डाचं खरं नाव द्यावं, आणि माहितीपत्रकातली अल्कोहोलची सूचना काढावी. यात माझा काही फायदा नाही, पण मालवण-वेंगुर्ल्याची कोणी बाई आत्ता हेच पान उघडून बसलेली असेल.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. तक्रारदार जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो आणि या रकमेला शुल्क लागत नाही. त्यामुळे मला फक्त रिक्षाने जावं लागेल, तुमच्या वकिलांना मात्र रत्नागिरीला यावं लागेल.

टेबल रिकामं करून ठेवलं आहे. सामान सध्या फराळाच्या स्टीलच्या डब्यांत आहे आणि दिवाळीला ते डबे मला परत लागणार आहेत, तेव्हा उचलायची व्यवस्था घटस्थापनेच्या आत झाली तर बरं. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. आणताना तुमच्या माणसांनी आरसा वेगळा काढून वर नेला होता, न्यायलाही तसंच करावं लागेल. दोन हमाल पाठवा, एकाने होणार नाही. कॉलेज दुपारी एकला सुटतं, त्यानंतरची वेळ द्या आणि आदल्या दिवशी फोन करा.

सोबत बिलाची प्रत, वेबसाइटचे स्क्रीनशॉट, मापांचे आणि नुकसानीचे फोटो, जॉब शीट, माहितीपत्रकाचं पान ६ आणि प्रसाधनांची बिलं जोडली आहेत.

आपली,
(सही)
ग्राहक, रत्नागिरी